उकिरड्याची दैना

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीची पूजा करतो. नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचे आणि 'लक्ष्मी' म्हणून चौरंगाशेजारी तिला मानाची जागा द्यायची, ही चाल उपनगरातल्या सातव्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्येही अजून टिकून आहे. आणि त्याच रात्री उशिरा सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा विधीही पुष्कळ घरांत होत असे. लक्ष्मी आत, अलक्ष्मी बाहेर! आता हे 'बाहेर' म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न आपल्या आजी-पणजीला फारसा पडला नसावा. घराबाहेर परसू होते, परसात खड्डा होता, आणि खड्ड्यातली अलक्ष्मी वर्षभराने खत होऊन, म्हणजे लक्ष्मीच होऊन, शेतात परत येत होती.

मी मराठीची प्राध्यापिका. शब्दांशी खेळण्याची खोड जायची नाही. म्हणून सांगते, आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. ज्या खताचे नाव काढले तरी आपण नाकाला पदर लावू, त्याला तिने 'सोनखत' म्हटले. आणि ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, त्याच्याविषयी तिने आशेची म्हण करून ठेवली: उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते. उलट आपल्याकडे पाहा. दसऱ्याला आपण एकमेकांच्या हातांवर आपट्याची पाने 'सोने' म्हणून ठेवतो, आणि एकादशीच्या सकाळी तेच सोने केरात लोटतो. एका रात्रीत सोन्याची माती करण्याची ही कला. मातीचे सोने करण्याची कला मात्र विसरून गेलो.

मुंबईने 'बाहेर' या शब्दाचा अर्थ वेळोवेळी बदलला. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग घातला गेला, त्यावरून आधी धावल्या त्या कचऱ्याच्या गाड्या. उतारू नंतर आले. 1927 पासून देवनारची जमीन शहराचा केर पोटात घेऊ लागली. आमच्या मुलुंडला पूर्वेच्या अंगाला, खाडीच्या बाजूस, 1967 साली कचराभूमी सुरू झाली आणि ती 2018 साली बंद झाली. पन्नासावर वर्षे! मुलुंडात सून म्हणून आल्यावर मी पहिली गोष्ट कोणती शिकले असेन, तर वारा कोणत्या दिशेचा आहे हे ओळखायला. खाडीकडून वारा सुटला, की ताटावर बसलेली मंडळी उठून खिडक्या लावीत.

2016 च्या जानेवारीअखेर देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा तर अवघ्या शहरावर धुराची चादर पसरली. तो धूर अंतराळातून काढलेल्या छायाचित्रांतही दिसला. त्या परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपण 'बाहेर' टाकलेली अलक्ष्मी अशी आकाशमार्गाने घरी परत आली.

मुलुंडची कचराभूमी बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. पण कचरा काही बंद झाला नव्हता. तो आता जाऊ लागला कांजूरमार्गला. म्हणजे मुलुंडनंतर नाहूर, नाहूरनंतर भांडुप, आणि भांडुपनंतर कांजूर: आगगाडीने मोजून तीन स्टेशने! आमच्या खिडक्या उघडल्या, आणि कांजूर-विक्रोळीच्या लोकांनी आपल्या लावून घेतल्या. तिथले रहिवासी दुर्गंधीविषयी गाऱ्हाणी मांडत आले आहेत, ती आम्ही पन्नास वर्षे मांडलेल्या गाऱ्हाण्यांहून अक्षरानेही वेगळी नाहीत.

हे सगळे शहराचे झाले. आता आमच्या सोसायटीच्या आवाराकडे वळू. कारण खरा प्रश्न तिथेच उभा होता.

आमचे आवार जुने. त्यात दोन विलायती शिरीष, ज्यांना सगळे 'रेन ट्री' म्हणतात, एक आंबा, एक देशी बदाम, तीन नारळ आणि कुंपणाने आसुपालवाची रांग. पावसाळ्यात या झाडांचे कौतुक कोणी करावे! पण फेब्रुवारी उजाडला, की झाडे पाने टाकू लागतात आणि एप्रिलपर्यंत आवारात पाचोळ्याचा नुसता सडा. झाडलोट करणारे काका पहाटे सहाला केर लोटीत, मागच्या भिंतीशी ढीग करीत आणि काडी लावीत. आठाच्या आत आवार आरशासारखे लख्ख. सेक्रेटरी खूष, सभासद खूष.

खूष नव्हते ते तळमजल्यावरचे एक कुटुंब. त्यांचा आठ वर्षांचा नातू दम्याचा. धुराने त्याची सकाळ खोकल्याने सुरू होई. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "घराजवळ काही जाळतात का?" ओलसर पाचोळा धुमसतो तेव्हा त्यातून कर्बवायूबरोबर अतिसूक्ष्म कण निघतात. ते नाकाच्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्या पोराची आजी दोनदा सेक्रेटरींकडे गेली. दोन्ही वेळा उत्तर मिळाले, "बघतो." सहकारी संस्थेत या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नको.

शेवटी मी काकांशीच बोलले. ते जालन्याकडचे, पाटीभर शेती भावाकडे टाकून मुंबईला आलेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, जाळू नको तर नेऊ कुठं? घंटागाडीवाला पाला घेत नाही. साहेबांना आठाला आवार साफ पायजे. आन् धूर काय फक्त पोराच्या नाकात जातो? पहिला माझ्याच जातो की."

या एका वाक्याने माझे व्याख्यान तोंडातच राहिले. 'जाळू नको तर नेऊ कुठं?' हाच सगळ्याचा गाभा. जाळण्याला बंदी आहे, हे मला ठाऊक होते. 2016 सालच्या घनकचरा नियमांनी बागेतला पाला आपल्या आवारातच वेगळा साठवावा आणि उघड्यावर कचरा जाळू नये, असे स्पष्ट घातले होते. पण नियमाचा कागद दाखवून पाचोळा कमी होत नाही. त्याला जागा लागते.

घरी हा विषय निघाला तेव्हा सासूबाईंनी दुसरीच बाजू मांडली. त्या रत्नागिरीकडच्या. "अगं, जाळण्यात वाईट ते काय? आमच्याकडे पावसाआधी राब भाजायचेच. भाताच्या रोपांना त्याशिवाय जोर नाही यायचा." आता सासूबाईंचे खोडून काढणे सोपे नव्हते. मी म्हटले, "आई, पण राब भाजायचे ते शेतात ना? राख कुठे राहायची?" त्या क्षणभर थांबल्या. "तिथंच. वाफ्यातच." मग स्वतःच म्हणाल्या, "इथली राख जाते गटारात. खरं आहे तुझं." आणि पुढे जे त्यांनी सांगितले, ते मला कोणत्याही पुस्तकाआधी मिळाले. सगळा पाला काही जाळीत नसत. पातेरा गोळा करून गोठ्यात गुरांखाली पसरायचा, शेणमुताने भिजलेला तो पातेरा खड्ड्यात टाकायचा. उरलेला नारळीच्या आळ्यात दाबायचा, म्हणजे उन्हाळ्यात शिंपणे कमी लागते. "पातेरा फुकट घालवणारी बाई आळशी म्हणायचे आमच्यात," त्या म्हणाल्या.

मग मी पुस्तके काढली. गंमत अशी, की जगभर ज्या पद्धतीचे नाव घेतले जाते तिचा जन्म आपल्या शेजारचा, होळकरांच्या इंदुरातला. 1924 साली तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथे शेतातला टाकाऊ पाला, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. 1931 साली तिच्यावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. 'इंदूर पद्धत' जगाला माहीत झाली, वाड मात्र आपल्यालाही माहीत नाहीत! पुढे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी आणखी सोपी युक्ती काढली: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, आणि भिंतींत वारा खेळावा म्हणून ठेवलेली भोके. थोड्या शेणात भरपूर पालापाचोळा मुरवण्याची ही रीत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून देशभर गेली.

आणि उपनगरात? घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी 1997 च्या सुमारास आपल्या गल्लीचा कचरा वेगळा करून गल्लीतच जिरवण्याचा घाट घातला. महापालिकेच्या 'ए.एल.एम.' योजनेचे मूळ म्हणून याच गल्लीकडे बोट दाखवले जाते. त्याच सुमारास स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना हाताशी धरून 'परिसर विकास' हा उपक्रम सुरू केला. उकिरड्यावर वाकून पोट भरणाऱ्या या बायका खत करण्याचे आणि बागकामाचे शिक्षण घेऊन सोसायट्यांत कामाला लागल्या, आणि त्यांना नाव मिळाले 'परिसर भगिनी'. भाऊबीज दोन दिवसांवर आली असताना हे नाव मला विशेष आवडते.

एवढा दारूगोळा जमवून मी सोसायटीच्या वार्षिक सभेत उभी राहिले. पण तिथे विषयपत्रिकेवर आधीच एक ठराव होता: 'पाचोळ्याचा त्रास कायमचा मिटावा म्हणून मागचा रेन ट्री काढण्यासाठी अर्ज करावा आणि तिथे फरशी टाकून दोन मोटारींची सोय करावी.' म्हणजे डोके दुखते म्हणून डोकेच उडवायचे! वाचकहो, या ठरावाला टाळ्या पडल्या हेही सांगून टाकते.

तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "खड्डा म्हणजे घाण, घाण म्हणजे उंदीर-घुशी." एक तरुण सभासद म्हणाले, "वास कोण सहन करणार?" सेक्रेटरी म्हणाले, "खर्च कोण करणार?" तिन्ही प्रश्न रास्त होते. मी त्यांना जी उत्तरे दिली, ती इथे जरा विस्ताराने देते. आपल्या आवारातही हेच तीन प्रश्न उठणार आहेत.

पहिला प्रश्न वासाचा. कुजणे दोन प्रकारचे असते. हवा मिळते तिथे काम करणारे जीवाणू वेगळे. ते पाला खातात, ढीग तापवतात आणि मागे मातीचा सुगंध ठेवतात. हवा कोंडली, पाणी साचले, की दुसरी फौज येते, दुर्गंधी तिची. तेव्हा वास येतो तो खताचा नव्हे, हवा कोंडल्याचा. चांगल्या ढिगाच्या पोटात पहिल्या आठवड्यात हात घालवत नाही, इतकी ऊब असते. पंचावन्न-साठ अंशांपर्यंत पारा चढतो. या उष्णतेने रोगजंतू आणि तणाचे बी दोन्ही मरतात. आठवड्यातून एकदा ढीग वरखाली केला, की काम झाले. ओलावा किती? धुतलेले फडके घट्ट पिळून हातात घ्या, तितका. पाणी गळता कामा नये आणि कोरडेही लागता कामा नये.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. वाळल्या पानांत कर्ब फार, नत्र थोडे. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत नत्र भरपूर. जीवाणूंना दोन्ही लागतात: नत्र एक भाग, तर कर्ब पंचवीस-तीस भाग. नुसता पाचोळा ठेवला तर वर्षभर तसाच पडून राहतो. नुसती भाजीची देठे ठेवली तर चार दिवसांत घाण सुटते. गृहिणींच्या भाषेत सांगायचे, तर स्वैपाकघरातल्या ओल्याची एक ओंजळ, त्यावर चुरगळलेल्या पानांच्या दोन ओंजळी. वर पाव पेला आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडले तर विरजणाचे काम होते. शेणकाला मिळाला तर उत्तमच.

तिसरी गोष्ट पानांच्या स्वभावाची. विलायती शिरीषाचा पाला बारीक, लवकर मुरतो. आंब्याचे आणि बदामाचे पान चिवट. ते पायाखाली तुडवून किंवा कोयत्याने तोडून घालावे, नाही तर सहा-सहा महिने ओळख देत राहते. नारळाच्या झावळ्या या खड्ड्यात घालूच नयेत. त्यांचे हीर काढून केरसुण्या कराव्यात, म्हणजे पुढच्या लक्ष्मीपूजनाची सोय! छाटणीच्या जाड फांद्या तळाशी आडव्या घातल्या, की खालून हवा खेळते.

उंदीर-घुशींचे उत्तर सोपे: चहूबाजूंनी आणि तळाला बारीक जाळी, वर झाकण, आणि पहिल्या वर्षी शिजवलेले अन्न, मासे-मटणाचे अवशेष खड्ड्यात नाहीत. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नये. त्या कुजके खाऊन वाढणाऱ्या माशीच्या असतात, आणि वर पाचोळ्याचा जाड थर दिला की वर येत नाहीत. गांडुळे सोडलीच पाहिजेत असे नाही. ढीग थंड झाला, की जमिनीतून आपली आपण येतात. मराठीत आपण भित्र्या माणसाला 'गांडूळ' म्हणून हिणवतो. पण चार्ल्स डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाने आपले अखेरचे पुस्तक, 1881 साली, याच जिवाच्या कर्तबगारीवर लिहिले.

आणि खर्च? जुन्या विटा गच्चीवर पडलेल्या होत्या. जाळी आणि गवंड्याची मजुरी मी आणि त्या आजींनी मिळून देऊ केली. सभेने अखेर एवढे मान्य केले: झाडाचा ठराव एक वर्ष तहकूब, तोवर मागच्या भिंतीशी दोन टाकी बांधावी, वासाची तक्रार आली तर टाकी बंद आणि ठराव पुन्हा पटलावर. झाडाचा जीव असा एका नाकावर टांगला गेला.

पहिला उन्हाळा निभावला. काकांनी पाचोळा जाळणे सोडले आणि गोण्यांत भरायला घेतला. इथे एक युक्ती सांगायलाच हवी. झाडे पाने टाकतात फेब्रुवारी ते एप्रिल. स्वैपाकघर मात्र बारा महिने चालते. सगळा पाचोळा एकदम टाक्यात कोंबू नये; अर्धा कोरडा ठेवावा. कोकणात पावसाळ्याची बेगमी करतात, लाकडे-गोवऱ्या आणि मीठ-मिरची भरून ठेवतात, तशी पाचोळ्याची बेगमी. आम्ही जिन्याखाली अशा एकवीस गोण्या रचून ठेवल्या. निवृत्त बँकवाले जाता-येता म्हणत, "बाई, ठेवी वाढताहेत, व्याज कधी?"

व्याज जुलैत मिळाले. इमारतीत एक मंगलकार्य झाले. जेवणाचे कंत्राट घेतलेल्या माणसांनी रात्री उरलेला भात, आमटी आणि श्रीखंड सरळ टाक्यात ओतले आणि वर झाकणही ठेवले नाही. त्यातच दोन दिवस संततधार. तिसऱ्या दिवशी जो काही वास सुटला! सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आता ठराव घ्यावाच लागेल." मी काकांकडे पाहिले. ते म्हणाले, "साहेब, उद्या सांजेपर्यंत थांबा." त्यांनी चिखल झालेला सगळा ऐवज बाहेर काढला, खाली फांद्या घातल्या, सहा गोण्या कोरडा पाचोळा आणि सूपभर राख मिसळून पुन्हा थर रचले आणि वर ताडपत्री ओढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः टाक्याशी उभे राहून श्वास घेऊन गेले. काही बोलले नाहीत. 'बघतो' असेही म्हणाले नाहीत. पण ठराव आला नाही.

दसऱ्याच्या आधी पहिले टाके उघडले. वर काठोकाठ भरलेले ते आता गुडघ्याइतके उतरले होते. आत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारी माती. सासूबाईंनी चिमूट हातावर घेऊन चोळली आणि एवढेच म्हणाल्या, "झालं." या शब्दापुढे माझी एम.ए.ची पदवी फिकी. खत घराघरांत वाटले गेले. कुंड्यांसाठी दरवर्षी विकत येणारे खत त्या वर्षी आणावे लागले नाही. काकांच्या पगारात सभासदांनी या कामापोटी दरमहा वाढ केली, आणि ती देताना कोणाचे हात आखडले नाहीत. रेन ट्री अजून उभा आहे. तळमजल्यावरच्या पोराचा दमा गेला, असे मी म्हणणार नाही. तो इतक्या सहज जात नाही. पण त्याची खिडकी आता सकाळी उघडी असते.

सगळे सुरळीत झाले असेही समजू नका. अजून कोणीतरी दुधाची पिशवी टाक्यात टाकतेच. शेजारच्या दोन सोसायट्यांत अजून धूर निघतोच. आणि आवाराचा पाला आवारात जिरला, तरी सुका कचरा गाडीत बसून कांजूरकडे जातोच. एका टाक्याने शहर सुधारत नाही, हे मला कळते. पण मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा कुजणाऱ्या ओल्या पदार्थांचा असतो. ते ज्या घरात निर्माण होतात त्याच आवारात मुरले, तर कांजूरच्या एखाद्या आईला ताटावरून उठून खिडकी लावण्याची पाळी तितकी कमी येईल. पाच दशके वारा हुंगत जगलेल्या मुलुंडकरांनी तरी हा हिशेब विसरू नये.

दिवाळी उरकली, की घराघरांतून झेंडूचे हार, आंब्याची डहाळी, केळीचे खुंट, रांगोळीवरची फुले असे कितीतरी निघते. यंदा ते पिशवीत बांधून जिन्यात ठेवू नका. हारातला दोरा तेवढा काढून घ्या, खुंटाचे तुकडे करा. आवारात टाके नसेल तर एक जुनी कुंडी किंवा तळाला भोके पाडलेला डबा घ्या. खाली काटक्या, वर फुले, त्यावर वाळका पाला, आणि पाव पेला ताकाचे पाणी. तुळशीचे लग्न लागेपर्यंत ढीग निम्म्यावर येईल. महाशिवरात्रीच्या सुमारास हातात माती येईल. तोवर फेब्रुवारी आलेला असेल आणि झाडे पुन्हा पाने टाकू लागतील. चार रिकाम्या गोण्या आत्ताच बाजूला काढून ठेवा.